पुरुष फिगर स्केटिंग: दोन उड्यांच्या मधलं अवघडपण मोजायचं कसं?

बर्फाळवाट:

परवा रात्री झोप येईना म्हणून जपानच्या हान्यूचा शॉर्ट प्रोग्राम (स्पर्धेतला पहिला, छोटा) पुन्हा लावला. प्योंगचांग ऑलिंपिक २०१८, शोपांच्या पियानोवरचा. कितव्यांदा ते विचारू नका. या वेळी एक खोड काढली. उड्या बघायच्याच नाहीत असं ठरवलं. उडी आली की डोळे मिटायचे, आणि फक्त तिच्या आधीची पाच-सहा सेकंदं बघायची.

ट्रिपल अ‍ॅक्सेलला फसलो. डोळे कधी मिटायचे तेच कळलं नाही, गडी हवेत होता.

मग हाच खेळ दुसऱ्या एका स्केटरच्या प्रोग्रामवर केला (नाव नको, त्याचे चाहते इथे आहेत). तो कोपऱ्याकडे इतका वेळ मागे मागे घसरत गेला की मी डोळे मिटले, काही होईना म्हणून उघडले आणि पुन्हा मिटले, तेव्हा कुठे लुट्झ आली. चांगली आली, नाही असं नाही.

अ‍ॅक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून मारतात. साधी रीत अशी: उजव्या पायावर मागे घसरत यायचं, खांदे स्थिर करायचे, वळून डावं पाऊल पुढे टाकायचं आणि त्यावरून उडायचं. ते पाऊल म्हणजे धावपट्टी. हान्यू येतो बॅक काउंटरमधून. डाव्याच पायावर मागे येतो, त्याच पायावर, ब्लेडची बाहेरची कड न सोडता समोर वळतो आणि वळण पुरं होतंय न होतंय तोच उडतो. पाऊल टाकायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय काउंटरमध्ये एक गोलाई संपून तिच्या उलट दिशेची दुसरी सुरू होते. ती दुसरी गोलाई अंगात मुरायच्या आत साडेतीन फेऱ्यांची उडी घ्यायची.

आता मुद्दा. २००४ पासून २०२२ पर्यंत या मधल्या कामाला स्वतंत्र गुण होते, ट्रान्झिशन्स नावाचे, दहापैकी. बघायच्या गोष्टी चार: सलगपणा, वैविध्य, अवघडपणा, दर्जा. त्यातले तीन मला समजतात. ‘अवघडपणा’ कोण ठरवतं? उडीला बेस व्हॅल्यू (ठरलेले मूळ गुण) आहे, स्पिनला लेव्हल (अवघडपणाची पायरी) आहे. ट्रान्झिशनचं कोष्टक कुठेच नाही. नऊ जज, एकदाच बघणार आणि मनाला येईल तो आकडा. आणि आता तर तो रकानाही गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. अवघड ट्रान्झिशन म्हणजे जे पुढच्या उडीच्या तयारीचा वेळ खातं ते. बाकी सगळी नक्षी.

-----

नवखी:

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पण आधी एक बाळबोध प्रश्न. ट्रान्झिशन म्हणजे नक्की काय धरायचं? दोन उड्यांमध्ये तो जे काही करतो ते सगळं? हातवारेसुद्धा?

-----

मिसिसागाकर:

@नवखी, हातवारे नाहीत, किंवा नुसते हातवारे नाहीत. पायांचं बघा. एका पायावरची वळणं सहा: थ्री टर्न, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर, लूप आणि ट्विझल. मग मोहॉक, चॉक्टॉसारखी पाय बदलून घेतलेली पावलं. मग स्प्रेड ईगल, इना बावर, स्पायरल, हायड्रोब्लेडिंग, शोमा उनोचं ते पाठ बर्फाला टेकेल की काय असं वाटायला लावणारं कँटिलिव्हर. यातलं काहीही दोन घटकांच्या मध्ये आलं की ट्रान्झिशन. आणि एका पायावरून दुसरा पाय ओलांडत नुसता वेग कमावणं म्हणजे क्रॉसओव्हर. तो गुन्हा नाही, पण प्रोग्रामभर तेच चाललं असेल तर मधलं काम नाही असं समजा.

आता धाग्याबद्दल. आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे, इथल्या एका क्लबात शिकतो. गेल्या हिवाळ्यात कोचने त्याच्या डबल अ‍ॅक्सेलच्या आधी एक ब्रॅकेट घातला. फक्त एक. जी उडी दहातून आठदा उतरत होती ती दहातून दोनदा उतरायला लागली. एका सकाळी साडेसहाला मी कठड्यापाशी कॉफी घेऊन उभा, कोचने त्याला थांबवून बर्फावर वाकून रेघ दाखवली. ब्लेड कडेवर असेल तर एकच रेघ उमटते. सपाट असेल तर दोन बारीक समांतर रेघा. वळणाच्या टोकाशी चिरंजिवांच्या दोन रेघा होत्या, हातभर लांब. म्हणजे घाबरून तिथे कड सोडली होती, सपाट झाला होता, आणि मग उडी कुठून येणार! लांबून बघताना मला तो ब्रॅकेट एकदम झकास दिसला होता.

जजच्या खुर्चीतून ती रेघ दिसत नाही. गंमत म्हणजे पूर्वी दिसायची. १९९० पर्यंत या खेळात सक्तीच्या आकृत्या होत्या, जज बर्फावर उतरून ओणवे होऊन रेघा तपासायचे. ‘फिगर’ हे नाव तिथलंच. काउंटर, रॉकर, ब्रॅकेट हे सगळे त्या आकृत्यांतलेच.

-----

कोथरूडकर:

आलं का ट्रान्झिशन पुराण! या एका शब्दाने व्हँकुव्हर ऑलिंपिकला रशियाच्या प्लुशेंकोचं सुवर्ण गेलं, २०१० साली. तीन वर्षं खेळापासून लांब राहून परतलेला माणूस. क्वाड टो (हवेत चार फेऱ्या), त्याला जोडून ट्रिपल टो, दोन्ही दिवशी. समोर अमेरिकेचा लायसाचेक, क्वाड शून्य. आणि हरला किती गुणांनी? १.३१! पुरुषांच्या स्पर्धेत क्वाड न मारणाऱ्याला सुवर्ण आणि मारणाऱ्याला रौप्य. कारण काय, तर मधे मधे पावलं टाकली नाहीत. अहो, शंभर मीटर धावणाऱ्याला कुणी विचारतं का, की मधे गिरकी का नाही घेतलीस?

-----

दादरची_आत्या:

कोथरूडकर, शंभर मीटरला संगीत लावत नाहीत.

-----

बर्फाळवाट:

@कोथरूडकर, प्लुशेंकोचा मीही चाहता आहे, पण साक्ष त्याचीच आहे. त्याच वर्षी जानेवारीत ताल्लिनच्या युरोपियन स्पर्धेनंतर तो स्वतः बोलून गेला होता, की फ्रान्सच्या ब्रायन जुबेरने आणि मी सारख्याच ट्रान्झिशन्स केल्या, खरं तर आम्हा दोघांकडे ट्रान्झिशन्स नाहीतच, आमचं लक्ष उड्यांवर असतं. आता असं पत्रकारांसमोर बोलल्यावर काय होणार? जो इनमन नावाच्या अमेरिकन जजने ते वाक्य ईमेलने ओळखीच्या जजना धाडलं आणि ऑलिंपिकच्या तोंडावर केवढा गहजब झाला. इनमनचं म्हणणं, मी कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. फ्रेंच आणि रशियन मंडळींचं म्हणणं, हा उघड दबाव.

मला त्यातलं राजकारण नको आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं की खुद्द स्केटर म्हणतो ‘नाहीत’ आणि तरी त्याला गुण मिळत होते. म्हणजे तो आकडा नक्की कशाचा होता?

-----

आकडेमोड्या:

नोंदीसाठी. शॉर्ट: प्लुशेंको ९०.८५, लायसाचेक ९०.३०. फ्री (दुसरा, मोठा प्रोग्राम): १६५.५१ आणि १६७.३७. फ्रीमध्ये पाचही कंपोनंट (एकूण सादरीकरणाचे रकाने, ट्रान्झिशन्स त्यातलाच एक) मिळून दोघांना सारखेच गुण, ८२.८०. ट्रान्झिशन्स हा प्लुशेंकोच्या पाचांतला सर्वांत खालचा आकडा होता हे खरं, पण बाकीच्यांनी तो भरून काढला. १.८६ चा फरक पडला तो तांत्रिक घटकांत. लायसाचेकने उत्तरार्धात जास्त उड्या ठेवल्या होत्या, तेव्हा त्यावर १० टक्के वाढीव मिळायचे. त्याच्या उड्या सरळ उतरल्या, प्लुशेंकोच्या काही हवेत कलल्या.

कोथरूडकरांनी भांडायचंच तर जीओईशी भांडावं, म्हणजे घटक किती चांगला केला त्याच्या अधिक-उणे गुणांशी. हलकं घ्या.

-----

कोथरूडकर:

तुम्ही आकडे आणता आणि मजा घालवता.

-----

खांबावरचा:

मला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. साताऱ्याकडे पोरांना मल्लखांब शिकवतो. आमच्याकडे आढ्या, बगल्या, दसरंग, फिरक्या, वेल, ताजवे असं एकेक शिकवतात. एकेक सगळ्यांना येतं. पोरगं कच्चं की पक्कं हे कळतं एका पकडीतून दुसरीत जाताना. कच्चं पोरगं मधे खांबाला मिठी मारतं, एक श्वास घेतं, हात पुसल्यासारखं करतं, मग पुढची पकड. पक्क्या पोराची पहिली पकड सुटते तेव्हाच दुसरी धरलेली असते. ती मिठी दिसली की आम्ही समजतो, याला दोन्ही गोष्टी येतात पण संच येत नाही.

बर्फाळवाट म्हणतात ते बरोबर वाटतं. तुमच्या त्या कोपऱ्यापर्यंत मागे जाणाऱ्या बाबाची ती मिठीच आहे.

-----

दादरची_आत्या:

खांबावरचा, क्या बात है. मी गाण्याकडची, म्हणून मला समेवर येणं आठवलं. एक गवई तबलजीकडे बघत, मान हलवत, मांडीवर बोट आपटत येतो. आपल्यालाही कळतं, आली आली, सम आली. दुसरा बोलता बोलता उतरतो, आणि सम येऊन गेल्यावर आपल्या तोंडून ‘अहाहा’ निघतं. मात्रा दोघांच्याही तितक्याच. दुसऱ्याला किती जास्त द्यायचे, सव्वा की दीड, हे मला कुणी कागदावर लिहायला सांगितलं तर मी घरी निघून जाईन.

-----

आकडेमोड्या:

आत्या, कागदावर लिहिलं की काय होतं ते दाखवतो. आजच्या नियमांनी हिशेब.

ट्रिपल अ‍ॅक्सेलची बेस व्हॅल्यू ८.००. जीओई उणे पाच ते अधिक पाच, एक पायरी म्हणजे १० टक्के, इथे ०.८०. ‘उडीच्या आधी पावलं, अनपेक्षित किंवा कल्पक सुरुवात’ हा जीओईच्या सहा निकषांतला एक. म्हणजे बॅक काउंटरचे रोख मोल ०.८०, तेही बाकी सगळं जमलं तर. आता पडलात तर: जीओई उणे पाच, म्हणजे ४.०० गेले, शिवाय पडल्याचा १.०० वेगळा. एकूण ५.०० चं नुकसान.

०.८० मिळवायला ५.०० पणाला. उडी उतरण्याची शक्यता थोडीशी जरी घटली तरी व्यवहार आतबट्ट्याचा. कुठलाही शहाणा कोच म्हणेल, बाळा, सरळ मागे घसरत जा.

जुन्या पद्धतीत यावर एक उतारा होता. पुरुषांच्या फ्रीमध्ये कंपोनंटला दोनचा गुणक होता. ट्रान्झिशन ७.२५ ऐवजी ९.२५ मिळालं तर ४.०० गुण जास्त, आणि ते एका उडीवर टांगलेले नव्हते, साडेचार मिनिटांच्या कामावर होते. २०२२-२३ च्या मोसमापासून कंपोनंट तीनच राहिले: कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स. फ्रीचा गुणक ३.३३ झाला. मधलं काम आता कॉम्पोझिशनच्या पोटात एक मुद्दा आहे. त्याचे किती मिळाले ते पत्रिकेवर वेगळं दिसतच नाही.

-----

बर्फाळवाट:

@आकडेमोड्या, हेच मला म्हणायचं होतं, फक्त मला आकडे येत नाहीत. पूर्वी निदान तक्रार करायला रकाना होता.

-----

कोथरूडकर:

रकाना होता तेव्हा तरी काय दिवे लावले? पाचही आकडे एकमेकांना चिकटून यायचे. ज्याला स्केटिंग स्किल्समध्ये ९ त्याला ट्रान्झिशनमध्ये ८.७५. नाव मोठं की पाचही मोठे. पॅट्रिक चॅन २०११, १२, १३ तिन्ही वर्षं जगज्जेता, पडला तरी वर. हावियेर फर्नांदेझ मला प्रचंड आवडतो, पण त्याचं मधलं काम हान्यूइतकं दाट होतं असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा. आकडे मात्र जवळजवळ बसायचे.

-----

बर्फाळवाट:

चॅनवर अन्याय करताय. चॅन पडायचा हे खरं, पण तो दोन ढकल्यात अख्खा रिंक ओलांडायचा आणि तेही वळणांवर वळणं घेत. त्याचे ट्रान्झिशनचे गुण मला कधीच फुकटचे वाटले नाहीत. फर्नांदेझबद्दल सहमत. तो अभिनयाने मधली जागा भरायचा आणि आपण, जजसकट, त्यालाच पावलं समजायचो.

-----

नवखी:

मग कोण नक्की कठीण करतं ते सामान्य माणसाने ओळखायचं कसं? स्प्रेड ईगल तर मला सगळ्यात भारी वाटतं. दोन्ही पाय विरुद्ध दिशांना करून मोठ्ठ्या गोलात जातात ते.

-----

मिसिसागाकर:

तिथेच तर गोची आहे. स्प्रेड ईगल दिसायला राजेशाही. पण ज्याचे खुबे जन्मतः उघडे आहेत त्याला तो आराम आहे, दम खायची जागा. आमच्या क्लबात एक मुलगा पाठ केलेला पाढा म्हणावा तसा करतो, आणि आमच्या घरातल्याला चार वर्षं झाली, अजून बदकासारखा दिसतो. मग अवघड कुणासाठी मोजायचं? करणाऱ्याच्या शरीरासाठी की सरासरी माणसासाठी?

पण तोच स्प्रेड ईगल अ‍ॅक्सेलच्या अगदी आधी आला, मधे एकही पाऊल न टाकता, तर गोष्ट बदलते. दोन पायांवरचं वजन त्या क्षणी एका पायावर आणायचं आणि तिथूनच उडायचं. उतरल्यावर पुन्हा स्प्रेड ईगलमध्ये गेला तर आणखी कठीण, कारण उतरताना जरा जरी डगमगलात तरी तिथे पोचता येत नाही. म्हणून मी बर्फाळवाटच्या व्याख्येत एक भर घालीन: उडीच्या आधीचं जसं तयारीचा वेळ खातं, तसं नंतरचं सावरायचा वेळ खातं. उतरून हात पसरून एका पायावर लांबवर जाणं सुंदर असतंच, पण ते सावरणंसुद्धा असतं.

आणि इथे जजची एक अडचण सांगतो. स्थानिक स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून टेबलाच्या मागे उभा राहिलोय. उडी उतरली की बहुतेक जज मान खाली घालून पडद्यावर जीओईचं बटण दाबतात. नेमका तेव्हाच स्केटर उतरल्यानंतरचं काम करत असतो. जे मोजायचं तेच मान खाली असताना निघून जातं. मोठ्या स्पर्धांतले जज सराईत असतील, पण डोळे त्यांनाही दोनच.

-----

खांबावरचा:

मग व्हिडिओ बघून का ठरवत नाहीत? क्रिकेटमध्ये बघतातच की.

-----

बर्फाळवाट:

बघतात, पण ते टेक्निकल पॅनेल. उडीच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या का, कड बरोबर होती का, स्टेप सिक्वेन्सची लेव्हल किती, हे पॅनेल रिप्ले बघून ठरवतं. ट्रान्झिशन त्यांच्या हद्दीत कधीच नव्हतं. माझी सूचना हीच: उडीची सुरुवात पॅनेलकडे द्या. तीन प्रकार पुरे. साधी, पावलातून, एका पायाच्या वळणातून थेट. तिसऱ्या प्रकाराला बेस व्हॅल्यूतच वाढ द्या. जजच्या मूडवर ठेवू नका. शॉर्ट प्रोग्राममध्ये सुट्या उडीच्या आधी पावलं हवीतच असा नियम वर्षानुवर्षं होताच की.

-----

दादरची_आत्या:

अनुमोदन नाही! त्या नियमाचं काय झालं ते आठवतंय ना? पुष्कळजण दोन मोहॉक टाकायचे, मग लांबलचक घसरत जायचे आणि मग उडी. पावलं झाली का? झाली. नियम पाळला का? पाळला. सत्यनारायणाच्या पूजेत ‘आचमन करा’ म्हटल्यावर पळीला बोट लावतात, तसं.

स्पिनच्या लेव्हल आल्या तेव्हा काय झालं तेही बघितलंय आम्ही. पाय डोक्यामागून धरला की लेव्हल मिळते म्हटल्यावर जो तो पाय धरायला लागला, ज्याची पाठ वाकत नाही तोसुद्धा. स्टेप सिक्वेन्सचं तेच. लेव्हल चारसाठी ठरावीक वळणं, दोन्ही दिशांना, एका पायावर सलग तीन अवघड वळणांचे गुच्छ. परिणाम? आवाज बंद केला तर दहा जणांचे सिक्वेन्स एकाच शिवणाच्या क्लासातून आल्यासारखे दिसतात. तुम्ही बॅक काउंटरला भाव लावलात की पुढच्या वर्षी सगळे बॅक काउंटर करतील. मग तुम्ही डोळे मिटून बसाल आणि बरोबर वेळेला मिटाल. मजा गेली ना?

-----

बर्फाळवाट:

आत्या, शेवटचं वाक्य लागलं.

पण मग उरतं काय? जेसन ब्राउन बीजिंगला २०२२ मध्ये एकाही क्वाडशिवाय सहावा आला. तेव्हा मला वाटलं होतं की पद्धत अजून जिवंत आहे. त्याच्या प्रोग्राममध्ये क्रॉसओव्हर शोधावे लागतात. आणि त्याच स्पर्धेत नेथन चेन ३३२.६० करून जिंकला तोही आता २०१८ चा चेन नव्हता. प्योंगचांगच्या फ्रीमध्ये सहा क्वाड मारले तेव्हा मधे काय होतं ते मला आज आठवतसुद्धा नाही, इतकं ते उडी ते उडी होतं. चार वर्षांनी मधलं भरलं होतं. त्याला भरावं लागलं, कारण तेव्हा रकाना होता. असं मला वाटतं.

-----

आकडेमोड्या:

किंवा त्याला वेळ मिळाला म्हणून. २०१८-१९ पासून फ्री साडेचार मिनिटांवरून चारवर आली, पण उड्याही आठवरून सात झाल्या.

-----

कोथरूडकर:

आणि मालिनिनचं काय करणार? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला क्वाड अ‍ॅक्सेल उतरवणारा पहिला माणूस. साडेचार फेऱ्या! त्याला म्हणणार का, बाळा, आधी काउंटर घे? मानवी शरीराची काही हद्द आहे की नाही?

-----

मिसिसागाकर:

नाही म्हणणार. क्वाड अ‍ॅक्सेलला १२.५० बेस आहे, अवघडपणाचे पैसे तिथे मिळाले. पण त्याच्या बाकीच्या उड्यांच्या आधीचं बघायला काय हरकत आहे? जपानचा कागियामा बघा त्याच्या शेजारी ठेवून. गुडघे असे वाकतात की वळण कुठे सुरू झालं ते पायात दिसत नाही, फक्त वेग वाढलेला कळतो. मला त्याचं मधलं काम हान्यूइतकं सजवलेलं वाटत नाही, तरी अवघड वाटतं, कारण ते पूर्ण वेगात आहे. वेग कुणी या चर्चेत अजून आणलाच नाही. तोच काउंटर चालण्याच्या गतीने आणि तोच रिंकच्या टोकाकडे सुसाट जाताना, नाव एकच, काम वेगळं. तुमच्या तीन प्रकारांच्या कोष्टकात हे कुठे बसवणार, बर्फाळवाट?

-----

बर्फाळवाट:

नाही बसत. मान्य. कोष्टक मागे घेतो, तक्रार ठेवतो.

-----

आकडेमोड्या:

बोलणं खूप झालं. एक प्रयोग करू. व्हँकुव्हर २०१०, प्लुशेंकोची फ्री. सगळ्यांनी एकदाच बघायची, मागे-पुढे न करता, आणि जुन्या रीतीने फक्त ट्रान्झिशनचा आकडा द्यायचा. दहापैकी, पाव-पावच्या पायरीने. दुसऱ्याचा आकडा बघायच्या आत स्वतःचा लिहा.

-----

बर्फाळवाट:

६.५०. दुसऱ्या अर्ध्यात थोडं आहे, पहिल्यात जवळजवळ नाही.

-----

दादरची_आत्या:

७.००. मान्य, पावलं कमी आहेत. पण रुबाब आहे हो.

-----

कोथरूडकर:

८.००. आणि हा कमीच आहे.

-----

खांबावरचा:

५.००. मला नावं माहीत नाहीत, मी फक्त मिठ्या मोजल्या. बऱ्याच होत्या.

-----

आकडेमोड्या:

सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढून उरलेल्यांची सरासरी, रीतीप्रमाणे: ६.७५. एकच व्हिडिओ, चार माणसं, आणि वर-खालचं अंतर तीन गुण.

-----

मिसिसागाकर:

आवाज बंद करून बघितलंत का कुणी? आमचा कोच मुलांना दुसऱ्याचा प्रोग्राम आधी मुका बघायला लावतो. आवाज असला की व्हायोलिनला पावलांचे गुण दिले जातात म्हणतो.

-----

दादरची_आत्या:

एडविन मार्टनचं व्हायोलिन आणि आवाज बंद? आमच्याकडून नाही व्हायचं. चालूच होता.

-----

कोथरूडकर:

बघितलं बुवा मुकं. अर्ध्या रात्री, हेडफोन काढून. बायको विचारते, कुणाचं सांत्वन चाललंय?

बरं, ७.२५. पण याचा अर्थ लायसाचेक जिंकायला हवा होता असा कुणी काढू नये.

-----

आकडेमोड्या:

नोंद केली. तुम्ही अजूनही सर्वांत वरचे आहात, त्यामुळे तुमचा आकडा तसाही गळतो. सरासरी ६.७५ होती, ६.७५ च राहिली.

-----

कोथरूडकर:

मग झोपमोड कशाला करायला लावलीत!